वडापावचा हिशेब आणि पक्षाची तिजोरी

३ एप्रिल २०१९. लोकसभेची धामधूम ऐन भरात. पाटण्यात जनता दल (युनायटेड)च्या कार्यालयात कोणीतरी आलं आणि एक बंद पाकीट देऊन गेलं. उघडून पाहिलं तर आत एकेक कोटीचे दहा निवडणूक रोखे, म्हणजे पक्षाला देणगी देण्यासाठी बँकेतून विकत घेतलेले, देणाऱ्याचं नाव नसलेले कागद. १० एप्रिलला दहा कोटी पक्षाच्या खात्यात जमा. दिले कोणी? आम्हाला माहीत नाही आणि आम्ही शोधायच्या भानगडीतही पडलो नाही, अशा अर्थाचं उत्तर पक्षाने पुढे निवडणूक आयोगाला लेखी दिलं. त्यात पक्षाने काही वावगं केलं होतं असंही नाही. त्या वेळच्या कायद्यात हे सगळं चोख बसत होतं.

राजकारणातल्या पैशावर आपण बोलायला लागलो की गाडी लगेच खोक्यांवर आणि शेवटच्या दोन रात्रींतल्या लक्ष्मीदर्शनावर येते. तो काळा पैसा. त्याचा हिशेब कुठेच नसतो, त्यामुळे त्याबद्दल ठामपणे सांगण्यासारखं थोडंच. पण खरी भानगड समजून घ्यायची तर पांढऱ्या पैशाकडे बघायला हवं. चेकने दिलेला, पावती फाडलेला, कायद्याने मान्य केलेला पैसा. तो कोणी दिला हे मतदाराला कळायला हवं की नको, यावरून या देशात साठ-सत्तर वर्षं वाद चालू आहे.

उमेदवाराला मर्यादा, पक्षाला मोकळं रान

आधी खर्चाची बाजू. जानेवारी २०२२ पासून मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपये खर्च करता येतात. गोव्यासारख्या छोट्या राज्यात हेच आकडे ७५ आणि २८ लाख आहेत. महाराष्ट्रात लोकसभेच्या एका मतदारसंघात सरासरी १९ लाखांच्या आसपास मतदार असतात, म्हणजे मर्यादेत राहायचं तर एका मतदारामागे पाच रुपये. त्यात कटिंगही येत नाही.

या मर्यादेची राखण मात्र कसून होते, निदान कागदावर. उमेदवाराला खर्चासाठी वेगळं बँक खातं उघडावं लागतं. आयोग त्याला एक नोंदवही देतो. तिची पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोख रकमेची आणि पिवळी बँकेची. संपूर्ण निवडणुकीत एका माणसाला किंवा दुकानाला दहा हजारांपेक्षा जास्त रोख देता येत नाही. जिल्हा निवडणूक अधिकारी दरपत्रक काढतात. चहा, वडापाव, खुर्चीचं भाडं, मांडव, फेटे, रिक्षावरचा भोंगा, सगळ्याचे दर त्यात ठरलेले. उमेदवाराने वडापाव फुकट मिळाला म्हणून सांगितलं तरी दरपत्रकाप्रमाणे तो खर्चात चढतो. पथकं सभांचं चित्रीकरण करतात, खुर्च्या मोजतात आणि आपली वेगळी वही ठेवतात. उमेदवाराची वही आणि ही वही जुळली नाही की नोटीस. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही, किंवा रीतसर दिला नाही, तर तीन वर्षं निवडणूक लढवायला बंदी येऊ शकते.

एवढं सगळं असून काय होतं, त्याची दोन उदाहरणं महाराष्ट्रातलीच आहेत. अशोक चव्हाणांनी २००९ साली भोकरमधून निवडणूक लढवली. त्यांनी दाखवलेल्या हिशेबात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च ५,३७९ रुपये होता, आणि त्याच काळात मराठी दैनिकांत त्यांच्यावरच्या कौतुकाच्या पानंच्या पानं छापून आली होती. त्या बातम्या की जाहिराती, यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. हिशेब वेळेत आला का एवढंच नव्हे, तो खरा आहे का हेही आयोग तपासू शकतो, असा महत्त्वाचा निकाल मे २०१४ मध्ये लागला. मग आयोगाने चव्हाणांना नोटीस काढली आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. दुसरं उदाहरण गोपीनाथ मुंडे यांचं. जून २०१३ मध्ये मुंबईतल्या एका कार्यक्रमात ते मनमोकळेपणाने बोलून गेले की १९८० साली पहिल्या निवडणुकीला काही हजार रुपये लागले होते आणि २००९ च्या लोकसभेला आठ कोटी. तेव्हा मर्यादा होती २५ लाख. आयोगाची नोटीस आल्यावर त्यांनी सारवासारव केली, पण सभागृहात बसलेल्या कोणाला त्या आकड्याचं आश्चर्य वाटलं असेल असं मला वाटत नाही.

आता गंमत पाहा. उमेदवाराच्या वडापावावर एवढा पहारा, आणि पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. राज्यभरातले होर्डिंग, टीव्हीवरच्या जाहिराती, समाजमाध्यमांवरचा मारा, नेत्यांची हेलिकॉप्टर, कितीही होऊ द्या. विधानसभेनंतर ७५ आणि लोकसभेनंतर ९० दिवसांत पक्षाने खर्चाचा अहवाल द्यायचा, एवढंच बंधन.

हे आपोआप झालेलं नाही. दिल्लीतल्या एका मतदारसंघाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९७४ मध्ये सांगितलं होतं की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्या खात्यात धरला पाहिजे, नाहीतर मर्यादेला अर्थच राहत नाही. इंदिरा गांधी सरकारने त्याच महिन्यात अध्यादेश काढून तो निकाल निष्प्रभ केला. २००३ मध्ये ही सवलत बरीच आवळली. तरी नामांकित प्रचारकांचा (म्हणजे स्टार प्रचारकांचा) प्रवास आणि पक्षाचा सर्वसाधारण प्रचार अजून उमेदवाराच्या हिशेबाबाहेर आहे. उमेदवार त्या सभेच्या व्यासपीठावर चढला, किंवा त्याचा फोटो मांडवात लागला, की मग त्याच्या वाट्याचा खर्च त्याच्या नावे पडतो.

पैसा येतो कुठून

सदस्य वर्गणी, कूपनविक्री, आमदार-खासदारांच्या मानधनातून कापून घेतलेला हिस्सा (डाव्या पक्षांत हे नियमाने चालतं), ठेवींवरचं व्याज हे सगळं असतंच. पण मोठा ओघ देणग्यांचा. पक्षाच्या उत्पन्नावर आयकर नाही. त्यासाठी हिशेब ठेवायचे, तपासून घ्यायचे आणि विवरणपत्र भरायचं, एवढी अट. वीस हजारांपेक्षा जास्त देणारा कोण, हे पक्षाने दरवर्षी निवडणूक आयोगाला कळवायचं.

वीस हजारांच्या खाली नाव सांगावं लागत नाही. एवढी फट पुरेशी आहे. पाच लाखांची देणगी छोट्या-छोट्या पावत्यांत फोडली की झालं. बहुजन समाज पक्ष तर वर्षानुवर्षं आयोगाला एकच गोष्ट सांगत आला की वीस हजारांच्या वर आम्हाला कोणी दिलेलेच नाहीत. कार्यकर्त्यांच्या किडुकमिडुकावर चालणारा पक्ष म्हणून ते खरंही असेल. मुद्दा असा की खरं आहे की नाही हे बाहेरच्या कोणाला तपासता येत नाही. २०१७ मध्ये रोख देणगीची मर्यादा माणशी दोन हजारांवर आणली गेली. नाव जाहीर करण्याची मर्यादा मात्र वीस हजारांवरच राहिली. ती दोन हजार करा, असं आयोगाने २०२२ मध्ये सरकारला लिहिलं. वीस हजारांचा आकडा अजून तसाच आहे.

या करसवलतीचं एक उपकथानक आहे, आणि ते नोकरदारांच्या जवळचं आहे. पक्षाला चेकने दिलेल्या देणगीवर जुन्या करप्रणालीत पूर्ण वजावट मिळते, कलम ८० जीजीसीखाली. देशात नोंदणी झालेले पण मान्यता नसलेले पक्ष अडीच हजारांहून जास्त होते. त्यातल्या अनेकांनी कधी निवडणूक लढवलेली नाही. अशा एखाद्या पक्षाला एक लाखाचा चेक द्यायचा, पक्षाने आपलं कमिशन कापून उरलेली रक्कम रोखीने परत करायची आणि पावतीवर करदात्याने वजावट घ्यायची, असा धंदा चालत होता. रिटर्न भरून देणारे काही महाभाग ही सोय परस्पर करून द्यायचे. २०२२ मध्ये आयकर खात्याने छापे घातले, पुढे पगारदारांना विचारणा करणारे संदेश आणि नोटिसा गेल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगाने ३३४ पक्षांची नावं यादीतून काढली. त्यानंतरही काढली जात आहेत.

कंपन्यांचा पैसा: चागलांची शंका

खरी रसद कंपन्यांकडून येते. आणि कंपनीचा पैसा म्हणजे मालकाच्या खिशातला पैसा नव्हे, तो भागधारकांचा असतो. मग तो पक्षाला द्यायचा अधिकार संचालकांना कोणी दिला? हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात १९५७ मध्येच आला होता. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करायचा होता आणि एका भागधारकाने त्याला हरकत घेतली. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. चागला यांनी कंपनीला परवानगी दिली, कारण कायद्यात आडकाठी नव्हती. पण ती देताना त्यांनी स्पष्ट इशारा दिला की या वाटेने मोठी धनशक्ती लोकशाहीत शिरेल आणि तिचा गळा आवळू शकेल. संसदेने वेळीच याकडे पाहावं.

संसदेने पाहिलं, पण प्रत्येक वेळी वेगळ्या नजरेने. १९६० मध्ये देणगीला मर्यादा घातली. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर सरळ बंदीच आली. उद्योगपतींचा ओढा तेव्हा स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाकडे वळू लागला होता, हे लक्षात घेतलं की बंदीमागची तळमळ थोडी वेगळी दिसते. बंदीमुळे पैसा थांबला नाही, तो टेबलाखालून जाऊ लागला. ब्रीफकेसचं राजकारण म्हणतात ते याच काळातलं. १९८५ मध्ये बंदी उठून मर्यादा आली, सरासरी नफ्याच्या पाच टक्के. २०१३ च्या कंपनी कायद्यात ती साडेसात टक्के झाली. आणि २०१७ मध्ये मर्यादाच काढून टाकली. तोट्यातली कंपनीही आता वाटेल तेवढं देऊ शकत होती, आणि कोणत्या पक्षाला दिलं ते नफा-तोटा पत्रकात सांगायची गरज नव्हती.

परदेशी पैशाचं प्रकरण तर त्याहून बहारदार. परदेशी स्रोताकडून पक्षांनी देणगी घेऊ नये असा कायदा १९७६ पासून आहे. वेदांत समूहाच्या स्टरलाइट आणि सेसा गोवा या कंपन्यांकडून काँग्रेस आणि भाजप दोघांनीही देणग्या घेतल्या आणि त्यात हा कायदा मोडला, असं दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये म्हटलं. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष एकाच आरोपाखाली! यावर उपाय काय निघाला? आधी २०१६ मध्ये ‘परदेशी स्रोत’ची व्याख्याच पूर्वलक्षी प्रभावाने बदलली, २०१० पासून. ते पुरेना म्हणून २०१८ मध्ये ती थेट ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे नेली. हे दोन्ही बदल वित्त विधेयकांतून आले आणि फारशी चर्चा न होता पार पडले.

रोखे: कोणापासून लपवायचं?

आता पाटण्याच्या पाकिटातले ते रोखे. २०१७ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटलींनी ही कल्पना मांडली आणि २ जानेवारी २०१८ ला योजना अधिसूचित झाली. स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखांतून एक हजार ते एक कोटीपर्यंतचा रोखा विकत घ्यायचा, हव्या त्या पक्षाला द्यायचा, पक्षाने १५ दिवसांत वटवायचा. रोख्यावर देणाऱ्याचं नाव नाही, आणि पक्षाने ते आयोगाला कळवायची सक्तीही नाही.

जेटलींचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता. उद्योजक रोखीने पैसे देतात, कारण चेकने एका पक्षाला दिले की दुसरा पक्ष सत्तेत आल्यावर सूड उगवेल ही धास्ती त्यांना असते. नाव गुप्त ठेवलं तर पैसा निदान बँकेतून तरी जाईल. धंदा करणाऱ्या कोणालाही विचारा, ही धास्ती खरी असल्याचं तो सांगेल.

पण गुप्तता कोणापासून होती? मतदारापासून पूर्ण. विरोधी पक्षापासूनही. विकणारी बँक मात्र सरकारी, खरेदीदाराची सगळी कागदपत्रं तिच्याकडे, आणि गुन्हा नोंदवला की तपास यंत्रणेला ती माहिती मागता येईल अशी तरतूद योजनेतच होती. रोख्यावर एक छुपा क्रमांकही होता, अतिनील प्रकाशाखाली धरल्यावर दिसणारा. एका पत्रकाराने २०१८ मध्ये रोखे विकत घेऊन प्रयोगशाळेत तपासले तेव्हा तो उघड झाला. सूड उगवण्याची ताकद ज्याच्याकडे सगळ्यात जास्त, त्या सत्ताधाऱ्याला माहिती मिळण्याची वाट उघडी आणि बाकी सगळ्यांना बंद, अशी ही गुप्तता. माझ्या मते योजना इथेच फसली होती. रिझर्व्ह बँकेने आधीच आक्षेप घेतले होते, आणि कायद्यातले हे बदल पारदर्शकतेला मागे नेणारे आहेत असं आयोगानेही मे २०१७ मध्ये लेखी कळवलं होतं.

१५ फेब्रुवारी २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींनी योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली. मत देणाऱ्याला माहितीचा हक्क आहे, आणि कंपनीची मोठी देणगी बहुधा व्यवहार म्हणूनच दिलेली असते, असं न्यायालयाचं म्हणणं. कंपन्यांवरची मर्यादा काढणारा बदलही रद्द झाला, म्हणजे साडेसात टक्के परत आले. तोवर सुमारे १६,५०० कोटींचे रोखे विकले गेले होते. आकडेवारी द्यायला स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली. तोपर्यंत लोकसभा निवडणूक आटोपली असती. न्यायालयाने मुदत नाकारली आणि मार्चमध्येच एप्रिल २०१९ पासूनच्या याद्या लोकांसमोर आल्या.

याद्यांमधून काय दिसलं? भाजपला सुमारे ६,०६० कोटी, तृणमूलला १,६०० कोटी, काँग्रेसला १,४०० कोटींच्या वर. सगळ्यात मोठी देणगीदार निघाली लॉटरीच्या धंद्यातली फ्युचर गेमिंग, १,३६८ कोटी. आणि त्यातला मोठा वाटा भाजपला नव्हे, तृणमूल आणि द्रमुकला गेला होता. ज्या राज्यात ज्याची सत्ता, तिकडे ओघ, हे सूत्र पक्षनिरपेक्ष आहे. ४१० कोटी देणारी क्विक सप्लाय चेन ही नवी मुंबईचा पत्ता असलेली कंपनी यादीत येईपर्यंत फारशी कोणाला ठाऊक नव्हती. दुसऱ्या क्रमांकाची मेघा इंजिनिअरिंग, ९६६ कोटी. तिने एप्रिल २०२३ मध्ये १४० कोटींचे रोखे घेतले आणि मे महिन्यात ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं सुमारे १४ हजार कोटींचं काम तिला मिळालं. तारखा जवळ असल्या म्हणजे देवाणघेवाण सिद्ध होत नाही, हे तितकंच खरं. पण तारखाच लपवल्या असत्या तर प्रश्नसुद्धा विचारता आला नसता. विशेष पथक नेमून चौकशी करा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये फेटाळली. ज्यांना तक्रार आहे त्यांनी नेहमीचे कायदेशीर मार्ग धरावेत, असं न्यायालयाने सांगितलं.

रोखे गेले, पुढे काय

पैसा आता इलेक्टोरल ट्रस्टकडे वळला आहे. ही व्यवस्था २०१३ पासूनची. कंपन्यांनी ट्रस्टला द्यायचं, ट्रस्टने वर्षभरात निदान ९५ टक्के रक्कम पक्षांना वाटायची आणि देणारे-घेणारे दोघांची यादी आयोगाला द्यायची. रोख्यांपेक्षा हे शंभर पटींनी बरं. तरी एका हौदात अनेकांचं पाणी ओतल्यावर कोणाचं पाणी कोणत्या नळाला आलं, हे सांगता येत नाही. रोखे बंद झाल्यानंतरच्या पहिल्या पूर्ण वर्षात, २०२४-२५ मध्ये, ट्रस्टांनी सुमारे ३,८०० कोटी वाटले. आदल्या वर्षाच्या तिपटीहून जास्त. त्यातला चार पंचमांशाहून अधिक वाटा एकट्या भाजपला मिळाला.

सरकारनेच पक्षांना पैसे द्यावेत, ही सूचना जुनी आहे. इंद्रजित गुप्ता समितीने १९९८ मध्ये मान्यताप्राप्त पक्षांना रोख नव्हे तर वस्तू आणि सोयींच्या रूपाने मदत करावी असं सुचवलं होतं. करमाफी आणि दूरदर्शन-आकाशवाणीवरचा मोफत वेळ या रूपाने थोडी मदत आजही होतेच. जर्मनीत पक्षांना सरकारी निधी मिळतो, पण तिथे ३५ हजार युरोंच्या वरची देणगी ताबडतोब जाहीर करावी लागते. आपल्याकडे पक्षाच्या खर्चाला मर्यादा नसताना सरकारी पैसा दिला तर तो कंपन्यांच्या पैशाच्या जागी येणार नाही, त्याच्यावर चढेल. म्हणून मला घाई वाटते ती निधीपेक्षा ‘ताबडतोब’ची.

कारण आपल्याकडे उशीरच सगळं निष्फळ करतो. एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभेच्या तोंडावर दिलेली देणगी २०२४-२५ च्या अहवालात येते, आणि तो अहवाल लोकांना दिसला २०२५ च्या उत्तरार्धात. दरम्यान लोकसभाही झाली आणि नोव्हेंबरात महाराष्ट्र विधानसभाही. माहिती अधिकार लावून आधी विचारावं, तर केंद्रीय माहिती आयोगाने जून २०१३ मध्येच सहा राष्ट्रीय पक्ष या कायद्याखाली येतात असा निर्णय दिला होता. एकाही पक्षाने तो पाळला नाही.

तरी जे उघड आहे ते बघायला हरकत नाही. वीस हजारांवरच्या देणगीदारांची नावं, ट्रस्टांचे अहवाल आणि पक्षांचे लेखापरीक्षित हिशेब निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. आणि तुमच्या मतदारसंघातल्या उमेदवाराची ती पांढऱ्या-गुलाबी-पिवळ्या पानांची वही जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात, पाहायला मागता येते. नियमात त्याची फी एक रुपया आहे.